पीव्हीएच्या फिल्ममध्ये फ्लोरोसंट रंग: फिल्म ओतण्यापासून उजेडाने नक्षी उमटवण्यापर्यंत

शर्टावर हळदीचा डाग पडला तर सोलापुरातल्या कुठल्याही घरात उपाय एकच. साबणाने धुवा, डाग लालसर झाला तरी घाबरू नका, आणि कपडा गच्चीवर कडक उन्हात टाका. संध्याकाळपर्यंत डाग विटलेला असतो. हाच डाग धुण्याआधी अंधाऱ्या खोलीत ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या टॉर्चखाली धरला तर पिवळा-हिरवा चमकतो. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, सेल्युलोज हे पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ), आणि हळदीतलं कर्क्युमिन हा फ्लोरोसंट रंग. पॉलिमरमध्ये अडकलेला रंग उजेडात दिसतो आणि उजेडानेच मरतो. या लेखातलं सगळं काम या दोन वाक्यांत आलं. फक्त आपण ते कापडाऐवजी पीव्हीए नावाच्या पॉलिमरच्या पातळ, पारदर्शक फिल्ममध्ये, मोजून-मापून, हवं तिथेच आणि हवं तेवढंच करणार आहोत.

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला किंवा सायझिंग (सुताला कांजी देणं) किंवा प्रिंटिंगच्या धंद्यात असून थोडी चौकसबुद्धी असलेल्या माणसाला हे जमेल. मोठी यंत्रं लागत नाहीत. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, गरम करून ढवळणारी प्लेट, थर्मामीटर, पेट्री डिश, दोन-तीन रंगांचे एलईडी आणि ज्याच्या कॅमेऱ्यात प्रो मोड आहे असा मोबाइल एवढं पुरतं. लेझर किंवा मायक्रोस्कोप असेल तर चांगलंच, पण सुरुवात त्याच्यावाचून होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात बहुतेकांचं सगळं लक्ष दिव्याकडे आणि रंगाकडे असतं. पॉलिमर म्हणजे नुसतं भांडं, असं समजून चालतात. खरं तर रंग किती चमकेल, किती टिकेल आणि नक्षी किती रेखीव येईल हे बरंचसं फिल्मच ठरवते. म्हणून लेखाचा मोठा भागही फिल्मलाच दिला आहे.

रंग कोणता घ्यायचा

फ्लोरोसंट रंग एका रंगाचा उजेड गिळतो आणि त्याहून लांब तरंगलांबीचा उजेड बाहेर टाकतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून या दोन तरंगलांबींमधल्या फरकाला स्टोक्स शिफ्ट म्हणतात. हा फरक आहे म्हणूनच फिल्टर लावून दिव्याचा उजेड अडवता येतो आणि फक्त रंगाचा उजेड बघता येतो.

डाईंग हाऊसमधला रंग आणून टाकू का, असं विद्यार्थी हमखास विचारतात. टाकून बघा, पण बहुतेक वेळा निराशाच होईल. कापडाचे बहुसंख्य रंग गिळलेला उजेड उष्णतेत घालवतात. दिवसाउजेडी भडक दिसणारा रंग दिव्याखाली चमकेलच असं नाही. आपल्या कामाचे रंग हे:

फ्लुरोसीन सोडियम. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुरोसीन बनवलं. हे साधारण ४९० नॅनोमीटरचा निळा उजेड गिळतं आणि ५१५ च्या आसपास हिरवं चमकतं. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा बघायला ज्या नारिंगी कागदी पट्ट्या वापरतात, त्यांत हेच असतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: आम्लात हे मंद पडतं, आणि उजेडात लवकर विटतं.

रोडामिन बी. हिरवा उजेड, साधारण ५५० ते ५५५ नॅनोमीटरचा, गिळतं आणि ५७५ ते ५८५ च्या दरम्यान नारिंगी-लाल चमकतं. फ्लुरोसीनपेक्षा पुष्कळ टिकाऊ.

रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. निळा उजेड गिळतं, ५२५ च्या आसपास पिवळट हिरवं चमकतं आणि उजेडात फार भराभर मोडतं. पाण्यात मात्र कमीच विरघळतं. १०० मिलि थंड पाण्यात जेमतेम ७ ते १० मिलिग्रॅम.

यातून माझी निवड अशी: नक्षी विटवून काढायची असेल तर फ्लुरोसीन किंवा रायबोफ्लेविन. फिल्मचा जाडसरपणा, भेगा, लेप सारखा बसला की नाही हे बघायचं असेल तर रोडामिन. याच्या उलट केलं की दिवस वाया जातो. रोडामिनची नक्षी उमटायला तासन्‌तास लागतात, आणि फ्लुरोसीनचा फोटो काढता काढताच ते विटायला लागतं.

कर्क्युमिन स्वस्त आहे, पण पाण्यात विरघळत नाही. त्याच्यासाठी अ‍ॅक्रिलिक (पीएमएमए) अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून फिल्म करावी लागते. साइनबोर्डवाल्यांकडचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे त्यासाठी चालतात, विरघळायला मात्र भरपूर वेळ घेतात. जवळ गॅस-शेगडी नको, खिडक्या उघड्या हव्यात. रोडामिन बी अशा द्रावकात टाकायच्या भानगडीत पडू नका; तिथे त्याचा रेणू आपलं रूप बदलून रंगहीन होऊ शकतो. मग रंग गेला कुठे म्हणून बाटली वर करून बघत बसावं लागतं.

पीव्हीए विरघळवताना

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, सोलापूरला नवं नाही. ताण्याच्या सुताला कांजी देताना स्टार्चबरोबर पीव्हीए वापरतात, आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या इमल्शनमध्येही (जाळीवर लावायच्या, उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपात) ते असतं. पाण्यात विरघळतं, काचेसारखं पारदर्शक वाळतं, आणि कोरडं असताना ऑक्सिजनला फारसं आत येऊ देत नाही. हा शेवटचा गुण पुढे कामाला येणार आहे.

पावडर घेताना हायड्रोलिसिसचं प्रमाण (पॉलिमर बनवताना त्यातले किती गट अल्कोहोलमध्ये बदलले ते) विचारा. ८७ ते ८९ टक्क्यांची ग्रेड लवकर विरघळते आणि शिकाऊ हाताला तीच बरी. ९८-९९ टक्क्यांचीला ९० अंशांच्या पुढचं तापमान आणि तासा-दोन तासांचं ढवळणं लागतं, पण तिची फिल्म पाण्याला जास्त दाद देत नाही.

९० मिलि डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं जड पाणी नको, आणि उजनीचं साठवणीतलं पाणीही नको. क्षार फिल्ममध्ये पांढुरके डाग सोडतात. पाणी थंड असतानाच ढवळत ढवळत १० ग्रॅम पावडर भुरभुरवा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर पिठल्यात बेसन गोळा व्हावं तशा गुठळ्या होतात आणि त्यांच्या आतली कोरडी पावडर मग कितीही शिजवली तरी भिजत नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसतं फुगू द्या. नंतर हळूहळू तापमान वाढवा, पहिल्या ग्रेडला ७०-८० अंश, दुसऱ्या ग्रेडला ९० च्या वर. झाकण ठेवा. ढवळणं संथ असू द्या, नाहीतर फेस होतो आणि तो बसायला रात्र जाते. शेवटी भांड्याचं वजन करून जेवढं पाणी उडालं तेवढं परत घाला, म्हणजे द्रावण १० टक्क्यांचंच राहील.

थंड झाल्यावर गाळून घ्या. फिल्टर पेपरमधून हे दाट द्रावण उतरत नाही. स्क्रीन प्रिंटिंगच्या बारीक जाळीचा नवा, धुतलेला तुकडा यासाठी फार छान. गाळल्यावर रात्रभर झाकून ठेवलं की बुडबुडे वर येऊन फुटतात.

फ्लुरोसीन घालणार असाल तर द्रावणात खायच्या सोड्याची चिमूट टाका, १०० मिलिला साधारण ०.१ ग्रॅम. आम्लपणा गेला की चमक वाढलेली डोळ्यांना कळते. सोड्याच्या जागी बोरॅक्स मात्र कधीही नको. पीव्हीए आणि बोरॅक्स एकत्र आले की मुलांच्या स्लाइमसारखा गोळा तयार होतो आणि सगळा घाणा फेकावा लागतो.

रंगाचा हिशेब: वाळल्यावर बारा पट

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. बाटलीत रंग बरोबर दिसतो, फिल्ममध्ये तो अति होतो. कारण पाणी उडून जातं, रंग जात नाही.

आधी रंगाचं मूळ द्रावण करा. रोडामिन बीचं रेणुभार ४७९. म्हणजे ४७.९ मिलिग्रॅम रंग १०० मिलि पाण्यात विरघळवला की एक मिलिमोलरचं द्रावण झालं. फ्लुरोसीन सोडियमसाठी तेवढ्याच पाण्यात ३७.६ मिलिग्रॅम. ४-५ मिलिग्रॅम मोजून १० मिलि करण्याचा मोह टाळा. साध्या काट्याची चूकच तेवढी असते. बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

आता १० मिलि पीव्हीए द्रावणात या मूळ द्रावणाचं ०.१ मिलि घाला. द्रावणात रंगाची संहती झाली ०.०१ मिलिमोलर, म्हणजे फिकट गुलाबी, जवळजवळ नाहीच म्हणा ना. पण या १० मिलिमध्ये पॉलिमर आहे एकच ग्रॅम, आणि त्याचं घनफळ साधारण ०.८ मिलि. फिल्म वाळली की सगळा रंग त्या ०.८ मिलिमध्ये येतो आणि संहती जाते ०.१२ मिलिमोलरच्या आसपास. बारा पटींहून जास्तच.

एवढ्यावर थांबणं शहाणपणाचं. हीच फिल्म एक मिलि मूळ द्रावण घालून केलीत तर वाळल्यावर ती १.२ मिलिमोलरच्या पुढे जाते. तिथे रेणू एकमेकांना चिकटायला लागतात, जोड्या चमकत नाहीत, आणि जे चमकतात त्यांचा उजेड शेजारचेच गिळून टाकतात. अशी फिल्म टेबलावर झकास गुलाबी दिसते, दिव्याखाली मात्र मंद आणि जास्तच लालसर. रंग कमी वाटला म्हणून अजून घालावा, ही पहिली इच्छा होते. ती दाबा.

रायबोफ्लेविनचं एक मिलिमोलरचं द्रावण होतच नाही, तेवढं ते विरघळत नाही. त्याचं ०.२ मिलिमोलरचं करा (एका लिटरला ७५ मिलिग्रॅम, कोमट पाण्यात, अंधारात) आणि ०.१ ऐवजी ०.५ मिलि घाला.

रंग नसलेली एक कोरी फिल्म प्रत्येक घाण्यातून काढायचीच. तिच्यावाचून पुढचं एकही मोजमाप खरं मानू नका.

ओतणं आणि वाळवणं

९ सेंटीमीटर व्यासाच्या पेट्री डिशमध्ये १० मिलि ओतलं तर वाळलेली फिल्म साधारण ०.१२ मिलिमीटरची येते. निम्म्या जाडीची हवी असेल तर ५ मिलि. काचेच्या डिशला पीव्हीए इतकं घट्ट बसतं की सोलताना फिल्म फाटते. पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक डिशमधून ती सहज सुटते. फिल्म काचेवरच ठेवायची असेल तर स्लाइड साबण, पाणी आणि मग स्पिरिटने पुसून तिच्यावर ओता, आणि सोलायचा विचार सोडून द्या.

टेबल समतल आहे का ते स्पिरिट लेव्हलने बघा. एका बाजूला कललेली फिल्म म्हणजे एका बाजूला जाड फिल्म, आणि जाड भाग जास्त चमकतो. मग रंगात फरक आहे की जाडीत, हे सांगता येत नाही.

सोलापूरची हवा या कामाला फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तम. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे वरची साय आधी वाळते आणि खालचं पाणी कोंडतं. परिणाम: सुरकुत्या आणि बुडबुडे. त्या दिवसांत डिशवर झाकण तिरकं ठेवा, आत थोडी दमट हवा राहू द्या आणि पंखा बंद करा. पंखा तसाही नको, कारण या गावच्या धुळीचा प्रत्येक कण दिव्याखाली चांदणीसारखा उठून दिसतो. सुती कपड्यांचे तंतू तर जास्तच. धुलाईच्या पावडरीत आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर ऑप्टिकल ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं) असतात, ते निळे चमकतात. फिल्म हाताळताना टॉवेल जवळ नको.

पावसाळ्यात उलटी अडचण. फिल्म वाळल्यासारखी वाटते पण लिबलिबीत राहते. सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. सगळं वाळवणं अंधारात, हे वेगळं सांगायला नको.

बघणं आणि फोटो काढणं

फ्लुरोसीन आणि रायबोफ्लेविनला ४५० ते ४७० नॅनोमीटरचा निळा एलईडी, आणि बघायला निळा उजेड अडवणारा नारिंगी फिल्टर किंवा नारिंगी सेफ्टी गॉगल. रोडामिनला ५२० च्या आसपासचा हिरवा एलईडी आणि लाल फिल्टर. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च बाजारात सगळीकडे मिळते, पण तिच्यातला उजेड बहुधा ३९५ नॅनोमीटरचा आणि दिसणाऱ्या जांभळ्याने भरलेला असतो. फिल्टर नसेल तर फोटोत जांभळंच येतं. कुठलाही असा दिवा डोळ्यांत घालू नका, यूव्हीला गॉगल लावाच.

फिल्टर म्हणून स्टेजच्या लाइटचा जिलेटिन कागद चालतो. आधी तो कोऱ्या फिल्मवर तपासा. काही कागद स्वतःच चमकतात, काहींतून दिव्याचा उजेड गळतो.

फिल्म दिव्याखाली ठेवली की पहिली गोष्ट दिसते ती तिची कड. मधला भाग मवाळ उजळलेला आणि कडेला मात्र तापलेल्या तारेसारखी प्रखर रेघ. कात्रीने फिल्मला एक चीर द्या, चीरही तशीच पेटून उठते. पीव्हीएचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास आहे. रेणूने सोडलेल्या उजेडापैकी साधारण चौथा हिस्साच पृष्ठभागांतून थेट बाहेर पडतो. बाकीचा आतल्या आत परावर्तित होत राहतो आणि कडेने, ओरखड्यातून किंवा धुळीच्या कणापाशी निसटतो. म्हणून ओरखडा उजळ दिसला तर तिथे रंग जास्त आहे असं समजू नका, आणि कडेपासून पाच-सात मिलिमीटरचा पट्टा मोजमापातून सोडून द्या.

मोबाइल स्टँडवर बसवा. प्रो मोडमध्ये आयएसओ १०० किंवा २००, शटर एक दशांश सेकंद ते एक सेकंद, व्हाइट बॅलन्स आणि फोकस दोन्ही लॉक. नाइट मोड, एआय, ब्युटी, जे काही आपोआप करणारं आहे ते सगळं बंद. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) साठवा, कारण जेपेगमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. सगळ्यात उजळ भाग २५५ ला, म्हणजे जेपेगमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला, टेकता कामा नये. तिथे पोचलेला आकडा काहीच सांगत नाही.

तीन फोटो घ्या: रंगीत फिल्मचा, त्याच जागी कोऱ्या फिल्मचा, आणि दिव्याचा पसारा कळावा म्हणून एकसारख्या रंगीत, नक्षी नसलेल्या फिल्मचा. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फोटोतले लाल, हिरवा, निळा हे चॅनल वेगळे करा (रोडामिनला लाल, फ्लुरोसीनला हिरवा). पहिल्यातून आणि तिसऱ्यातून कोरी वजा करा, मग पहिल्याला तिसऱ्याने भागा. मध्ये उजळ आणि कोपऱ्यात काळवंडलेला एलईडीचा डाग निघून जातो आणि जे उरतं ते फिल्मचं असतं.

तापमान लिहून ठेवा. रोडामिन बी तापलं की मंद होतं. पाण्यात असताना दर अंशाला सुमारे दोन टक्के. घट्ट फिल्ममध्ये हा फरक कमी होतो, पण जात नाही. सकाळी २८ अंशांत घेतलेला फोटो आणि दुपारी ४० अंशांत घेतलेला फोटो शेजारी ठेवून रंग विटला म्हणणं बरोबर नाही.

पहिली रीत: विटवून नक्षी

मास्क, म्हणजे काळा-पारदर्शक नक्षीकागद. लग्नपत्रिका किंवा युनिफॉर्मवरचे लोगो छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून फिल्म पॉझिटिव्ह काढून घ्या. लेझर प्रिंटरवर ट्रान्सपरन्सी काढली तर काळ्यात सुईएवढी भोकं राहतात. दोन प्रती एकावर एक चिकटवल्या की झाकली जातात. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ४२ मायक्रॉनचा. त्याहून बारीक रेघ मागू नका.

मांडणी अशी: खाली काळा फोम, त्यावर फिल्म, त्यावर मास्क (छापील बाजू फिल्मकडे), वर जड काच, चारी बाजूंनी क्लिपा. मास्क आणि फिल्म यांच्यात हवा राहू देऊ नका. किती फरक पडतो ते बघा. सूर्याचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाचं. एक मिलिमीटरचं अंतर राहिलं तरी उन्हात कडेला जेमतेम ९ मायक्रॉनचा धूसरपणा येतो. पण पाच सेंटीमीटर रुंदीचं एलईडी पॅनल वीस सेंटीमीटरवर ठेवलं, तर त्याच एका मिलिमीटरला कड पाव मिलिमीटर पसरते. रेखीव कडेसाठी सोलापूरचं ऊन महागड्या पॅनलपेक्षा सरस ठरतं, ते असं.

ऊन वापरायचं तर सूर्य कुठे आहे ते बघा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सोलापुरात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस तेच. तेव्हा फ्रेम सपाट ठेवली की झालं. डिसेंबरात भरदुपारीही तो क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. फ्रेम दक्षिणेकडे साधारण ४१ अंश कलती करावी लागते. काचेवर एक खिळा उभा धरा, सावली नाहीशी होईल तो कल बरोबर.

ढग आले की हिशेब कोलमडतो. म्हणून शिकताना निळा एलईडीच बरा, आणि हात बसला की ऊन.

किती वेळ ठेवायचं, याचं तयार उत्तर कुणाकडे नाही. स्क्रीन एक्स्पोज करणारे कारागीर करतात तेच करा, टेस्ट स्ट्रिप. फिल्मची लांब पट्टी काळ्या कागदाने झाका आणि कागद टप्प्याटप्प्याने सरकवत एकेका भागाला १, २, ४, ८, १६ मिनिटं उजेड द्या. वेळ दुप्पट करत जायची, एकेक मिनिट वाढवत नाही. नाहीतर शेजारच्या पट्ट्यांत फरकच दिसत नाही. चमक निम्म्यावर आली तो टप्पा शोधा. नक्षीसाठी त्याच्या तिप्पट वेळ द्या, म्हणजे उजेड लागलेल्या भागात आठवा हिस्सा किंवा थोडी जास्त चमक उरते आणि नक्षी ठसठशीत दिसते.

पीव्हीएच्या त्या गुणाची आठवण इथे ठेवा. रंग विटण्यात ऑक्सिजनचा मोठा हात असतो. कोरडी पीव्हीए फिल्म ऑक्सिजन अडवते, म्हणून तिच्यात रंग हळू विटतो. फिल्म ओलसर असेल तर पॉलिमर सैल होतं, ऑक्सिजन आत शिरतो आणि काम पटकन होतं. एकाच घाण्यातल्या फिल्म जुलैत लवकर आणि मार्चमध्ये उशिरा विटल्या, तर दिव्याला दोष देऊ नका. टेस्ट स्ट्रिप आणि खरी फिल्म एकाच डब्यात एकत्र ठेवलेली असावी, एवढं पाळलं तरी पुष्कळ. सिलिकोन रबरात (पीडीएमएस) परिस्थिती उलटी. त्यातून ऑक्सिजन आरपार ये-जा करतो, त्यामुळे टिकाऊ खुणेसाठी ते वाईट आणि झटपट नक्षीसाठी चांगलं.

नक्षी झाल्यावर ती बघायलाही तोच उजेड लागतो, आणि तोही ती थोडी पुसतो. बघण्याचा दिवा मंद ठेवा, फोकस दुसऱ्या टाकाऊ फिल्मवर करून घ्या आणि मग एकच फोटो काढा.

दुसरी रीत: घट्ट करून नक्षी

इथे उजेड रंगावर नव्हे, पॉलिमरवर काम करतो. स्क्रीन प्रिंटिंगच्या डायझो इमल्शनला यूव्ही-निळा उजेड लागला की ते पाण्यात न विरघळणारं होतं, न लागलेला भाग पाण्याने धुऊन जातो. जुन्या काळी यासाठी बायक्रोमेट वापरत. ते हात लावू नये असं द्रव्य आहे, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक; डायझोच घ्या.

इमल्शनमध्ये रोडामिन टाकलं तर धुताना तेच पाण्याबरोबर वाहून जातं आणि उरलेलं कडेकडेने पसरतं. यावर सोपा उपाय प्रिंटिंगच्या दुकानातच आहे: निऑन पिगमेंट. ते स्वतःच रंग मुरवलेल्या रेझिनची बारीक पूड असते, त्यामुळे पाण्यात रंग सोडत नाही. इमल्शनमध्ये वजनाने दोन-तीन टक्के मिसळा, पॉलिएस्टर फिल्मवर पातळ ओढा, पिवळ्या बल्बखाली वाळवा. तापमान ४० अंशांच्या आत हवं. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये वाळवाल तर उष्णतेनेच इमल्शन घट्ट होईल आणि धुताना काहीच सुटणार नाही. पिगमेंट यूव्ही खातं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या, टेस्ट स्ट्रिप काढूनच. पूड काही मायक्रॉनची असल्याने अगदी नाजूक रेघा दाणेदार येतात. बोटाला जाणवणारी, उठावदार, चमकणारी नक्षी हवी असेल तर मला हीच रीत जास्त आवडते.

प्रयोगशाळा बरी असेल तर पुढची पायरी म्हणजे ईओसिन वाय हा रंग, ट्रायइथेनॉलअमीन आणि जेल बनवणारं पीईजी-डायअ‍ॅक्रिलेट यांचं मिश्रण. हिरवा उजेड पडेल तिथेच जेल तयार होतं, आणि ईओसिन स्वतःच फ्लोरोसंट असल्याने नक्षी लगेच बघता येते. त्याची कृती वेगळ्या लेखाची आहे.

सुतावरची कांजी बघण्यासाठी

हे तंत्र इथल्या धंद्यात कुठे लागेल, तर सायझिंगमध्ये. कांजी सुताभोवती सारखी चढली का, आत किती मुरली, हे उघड्या डोळ्यांना कळत नाही. कांजीच्या छोट्या नमुन्यात वर दिलेल्या हिशेबाने रोडामिन घाला, हातभर सूत तिच्यातून काढून वाळवा आणि हिरव्या एलईडीखाली मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने बघा. सुताचा आडवा छेद घेतला तर कांजी नुसती कडं करून बसली आहे की मध्यापर्यंत गेली आहे, ते स्पष्ट दिसतं. कोरं, न ब्लीच केलेलं सूत वापरा. ब्राइटनर मारलेलं सूत यूव्हीखाली स्वतःच उजळतं. हा प्रयोग नमुन्यापुरताच. रोडामिन सुताला चिकटून राहतं, चालू मालात घालण्याची ही गोष्ट नव्हे.

हात, सांडपाणी आणि साठवण

रोडामिन बी खाण्यात पूर्ण बंद आहे. २०२४ मध्ये ते बुढ्ढी के बालमध्ये सापडल्यावर तामिळनाडूने आणि मग शेजारच्या कर्नाटकाने कारवाई केली होती. म्हणून ही भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरवा. हातमोजे घाला, बोटांचा गुलाबी रंग दोन-तीन दिवस जात नाही आणि तेवढे दिवस तुमचा स्पर्श झालेली प्रत्येक फिल्म दिव्याखाली तुमचे ठसे दाखवते.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. पसरट ट्रेमध्ये उन्हात वाळवा, फिल्म होते, ती गुंडाळून सुक्या घातक कचऱ्यात द्या. अ‍ॅसिटोनचं उरलेलं वेगळ्या बाटलीत.

तयार फिल्म काळ्या कागदात, सिलिका जेलसह, सपाट ठेवा. पाकिटावर रंग, संहती, पीव्हीएची ग्रेड, ओतल्याची तारीख आणि आतापर्यंत दिलेला उजेड लिहा, तोही पेन्सिलने. हायलायटरच्या शाईत फ्लोरोसंट रंग असतो आणि तो कागदातून फिल्मवर उतरतो.